लोणावळ्याचे धबधबे पायी बघायचे तर: ओढा, घड्याळ आणि परतीची वाट

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर, घाटमाथ्याच्या अगदी कडेला वसलंय. कोकणातून वर चढणारे ढग पहिल्यांदा रिकामे होतात ते इथेच. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक कड्यावरून पाणी पडतं आणि मुंबई-पुण्याची निम्मी तरुण मंडळी शनिवार-रविवारी इथे उतरते.

धबधब्यापर्यंत पोचणं बहुतेक ठिकाणी अवघड नाही. गडबड होते ती परतताना. सकाळी घोटाभर पाण्यातून हसतखेळत ओलांडलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत येतो आणि मंडळी पलीकडे अडकतात. म्हणून पावसाळी भटकंतीचं नियोजन उलट्या बाजूने करायचं: आधी परतीच्या वाटेवरचा शेवटचा ओढा कुठे आहे ते बघायचं, तो किती वाजेपर्यंत ओलांडायचा ते ठरवायचं, आणि तिथून मागे मोजत घरातून निघायची वेळ काढायची. या लेखात धबधब्यांपेक्षा ओढ्यांबद्दल जास्त आहे, ते त्यामुळेच.

कुठला धबधबा कोणासाठी

सगळे धबधबे एका मापाचे नाहीत. वयस्कर माणसं किंवा पाच-सात वर्षांची मुलं बरोबर असतील तर लांबून बघायचे धबधबे निवडा. खंडाळ्याजवळचा कुणे धबधबा तीन टप्प्यांत मिळून सुमारे २०० मीटर कोसळतो आणि तो समोरूनच चांगला दिसतो. जवळ जाऊन नुसता तुषारांचा पडदा बघायला मिळतो. टायगर पॉइंटवरून दरीपलीकडचे धबधबे दिसतात, ढग हटले तर. तिथे पाण्यापेक्षा कड्यावरच्या वाऱ्याची भीती जास्त. झोताच्या विरुद्ध रेलून उभं राहिलेला माणूस वारा एकदम पडला की पुढे झुकतो, म्हणून कठड्याच्या आत राहायचं.

भुशी धरण १८६० च्या दशकात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. त्याच्या पायऱ्यांवरून ओसंडणारं पाणी बघायला गर्दी होते. ट्रेक म्हणून तिथे काही नाही आणि रविवारी गाडी तासन् तास अडकते. वाट वाकडी करून जावं असं आमचं मत नाही.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे भाजे. पुणे-लोणावळा लोकलने लोणावळ्याच्या अलीकडच्या मळवली स्टेशनवर उतरा, एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडा आणि डांबरी रस्त्याने भाजे गावात या. रमतगमत पाऊण तास. गावाच्या वर इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून कोरलेली बावीस लेणी आहेत आणि त्यांच्या जवळच धबधबा. पायऱ्यांची वाट, वर आडोसा, खाली चहा-भजी. मध्ये धोकादायक ओढा नाही, हा खरा फायदा.

भाज्यातूनच पुढे चढत गेलं की गायमुख खिंड लागते. खिंडीकडे तोंड केलं तर उजवीकडे लोहगड (१०३३ मीटर) आणि डावीकडे विसापूर (१०८४ मीटर). लोहगडाला शेवटपर्यंत पायऱ्या आहेत. पावसात त्यांच्यावरून पाणी वाहतं, तरी पायाखाली बांधलेली वाट असते. २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून लोहगडही जागतिक वारसा यादीत गेला. आधीच असलेली गर्दी त्यामुळे कमी व्हायची शक्यता नाही. जमलं तर मधला वार पकडा.

विसापूरचं प्रकरण वेगळं. इंग्रजांनी १८१८ मध्ये गड घेतल्यावर दरवाजे उडवून दिले, वाटा मोडल्या. भाज्याच्या बाजूने चढणारी एक वाट ओढ्याच्या घळीतून जाते. मोठमोठे धोंडे, मधूनच जुन्या पायऱ्या आणि त्यांच्यावरून गुडघाभर धबधबणारं पाणी. समाजमाध्यमांवर फिरणारे व्हिडिओ याच वाटेचे. चढताना मजा येते, कारण नजर वर असते आणि हात धरायला दगड समोर असतात. उतरताना पाय कुठे टाकायचा ते फेसात दिसत नाही, मागची मंडळी खोळंबतात आणि घसरण तिथेच होते. रिमझिम असेल तर ही वाट धडधाकट गटाने करावी. सलग जोराचा पाऊस असेल तर घळीत शिरूच नये: घळीला दोन्ही बाजूंनी भिंती असतात, पाणी वाढलं तर बाजूला सरकायला जागा नसते.

दिवसभर चालायची तयारी असेल तर राजमाची. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीपर्यंत साधारण पंधरा किलोमीटर, बराचसा सपाटीचा कच्चा रस्ता. मध्ये ओढे आडवे येतात. उधेवाडीतून वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, समोर उल्हास नदीचं खोरं आणि त्यात उतरणाऱ्या पाण्याच्या रेघा. एका दिवसात जाऊन-येऊन तीस किलोमीटर हा वेडेपणा आहे. मुक्काम करा. नाहीतर राजमाचीवरून कोंढाणे लेण्यांमार्गे कर्जतच्या बाजूला कोंदिवड्यात उतरा. लेण्यांच्या तोंडावरूनच पावसाळ्यात पाण्याचा पडदा पडतो. ही उतरण चिखलाची आणि निसरडी आहे. तीन तास धरून चला.

कातळधार हा राजमाचीच्या वाटेवरच्या जंगलात खोल उतरून बघायचा धबधबा. वाट दाट झाडीतून, फाटे पुष्कळ, आणि धुकं आलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. जीपीएसचा ट्रॅक फोनमध्ये असला तरी नाही. ओढ्यात पाणी किती असलं म्हणजे त्या दिवशी माघारी फिरायचं, हे तो ट्रॅक सांगत नाही.

कधी जायचं

जूनच्या मध्यापर्यंत डोंगर पाणी पिऊन घेतो. धबधबे खऱ्या अर्थाने सुरू होतात जुलैत. जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा जोराचा, आणि सगळ्यात फसवाही. जमीन तुडुंब भिजलेली असते, त्यामुळे पडलेला पाऊस थेट ओढ्यात येतो. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य हा आमच्या मते उत्तम काळ. धार अजून भरपूर असते, पाणी नितळ होतं, सोनकी आणि तेरडा फुलायला लागतो आणि गर्दी निम्म्यावर येते. सप्टेंबरच्या अखेरीस मात्र दुपारनंतरचे गडगडाटी पाऊस सुरू होतात. तेव्हा दोनच्या आत उघड्या माथ्यावरून खाली यायचं.

आदल्या दिवशी काय बघायचं

फोनमधल्या साध्या ॲपवरचं 'पाऊस ८० टक्के' हे चित्र लोणावळ्यात कामाचं नाही. जुलैत ते रोजच तसं असतं. पाऊस किती, हे महत्त्वाचं.

हवामान खातं पुणे जिल्ह्यासाठी इशारा देताना घाटमाथा वेगळा काढतं. शहराचा इशारा पिवळा आणि घाटाचा नारिंगी, असं वरचेवर होतं. आपल्याला घाटाचा बघायचा. खात्याच्या व्याख्येप्रमाणे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, आणि त्याच्यापुढे अतिवृष्टीची टोकाची पायरी. घाटाला नारिंगी असेल तर भाजे किंवा कुणे यांसारखं ओढा न ओलांडता दिसणारं ठिकाण घ्या. लाल असेल तर घरी बसा.

दुसरी गोष्ट, गेल्या दोन दिवसांत किती पडला. आज पाऊस नाही पण काल-परवा दीडशे-दोनशे मिलिमीटर झालाय, अशा दिवशीही ओढे फुगलेले असतात आणि दरडी सैल झालेल्या असतात.

तिसरी, प्रशासनाचा आदेश. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हाधिकारी कार्यालयाने पावसाळी पर्यटनस्थळांवर पाण्यात उतरणं, धोक्याच्या जागी सेल्फी-रील काढणं अशा गोष्टींवर मनाई केली. आता असे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. यादी आणि तारखा बदलत राहतात, वन विभाग एखादी वाट वेगळी बंद करतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी बातम्या बघा आणि जिथे मुक्काम किंवा जेवण सांगितलंय त्या गावात फोन करा. 'ओढ्याला पाणी किती आहे?' हा प्रश्न थेट विचारा. 'येऊ का?' असं विचारलंत तर 'या की' असंच उत्तर मिळतं, कारण धंदा सगळ्यांनाच हवा असतो.

सकाळी निघताना मुंबईच्या डॉप्लर रडारचं चित्र उघडा. पाऊस पश्चिमेकडून येतो. खालापूर-कर्जतवर जाड पट्टा दिसला की तो तासाभरात घाटमाथ्यावर येईल असं धरा. वीज कडाडायच्या दिवसांत 'दामिनी' ॲप चालू ठेवा.

सॅकमध्ये काय

जीन्स घालू नका. भिजली की जड होते, मांड्या सोलते आणि रात्रीपर्यंत वाळत नाही. ट्रॅक पँट, पातळ टीशर्ट, वर पाँचो किंवा वारा अडवणारं जॅकेट. छत्री भाज्याच्या लेण्यांपर्यंत ठीक, वर माथ्यावर ती उलटी होते आणि एक हात अडकवून ठेवते.

बुटांच्या बाबतीत महाग म्हणजे चांगला असं नाही. रबर मऊ आणि खाचा खोल असलेला बूट पाहिजे. सह्याद्रीत फिरणारे कित्येक जण वर्षानुवर्षं ॲक्शनचे स्वस्त ट्रेकिंग बूट वापरतात, ते याच कारणासाठी. वॉटरप्रूफ बुटाचा इथे उलटा त्रास होतो: पाणी वरून आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. चप्पल, क्रॉक्स आणि गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज बाद.

माणशी एवढं तरी असावं: दोन लिटर पाणी (पावसातही घाम जातो, आणि ओढ्याचं पाणी प्यायचं नाही, वर गुरं चरतात), एक कोरडा टीशर्ट आणि पायमोजे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, शिट्टी, हेडलॅम्प, ओआरएसच्या दोन पुड्या, चिक्की किंवा खजूर, आणि दोनशे-तीनशे रुपये रोख. राजमाचीच्या वाटेवर रेंज गेली की यूपीआयही गेलं. गटात मिळून एक क्रेप बँडेज, जंतुनाशक मलम, पॉवर बँक आणि शक्यतो प्रत्येकाला काठी. सॅकच्या बाहेरच्या कव्हरवर विसंबू नका. आत सगळ्यात आधी कचऱ्याची मोठी काळी पिशवी लावा आणि त्यात सामान भरा.

दोरी न्यायची की नाही यावर गटांत वाद होतात. दोरी लावायची कशी हे शिकलेलं कोणी बरोबर नसेल तर ती न नेलेली बरी. वाहत्या पाण्यात माणसाच्या कमरेला दोरी बांधून पाठवणं तर फारच वाईट. तो घसरला तर दोरी ताणली जाते, प्रवाह त्याला पाण्याखाली दाबून धरतो आणि गाठ सुटत नाही.

वाटेवर: शेवाळ आणि सैल दगड

सह्याद्रीचा कातळ म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. घट्ट काळा थर उभा तुटतो, त्याच्या खालचा पोकळ-भुसभुशीत किंवा तांबूस मातकट थर झिजून आत जातो. म्हणून आपले धबधबे टप्प्याटप्प्यांनी पडतात, आणि म्हणूनच धारेच्या मागे कपारी तयार होतात. वरचा थर आधार गेला की तुटतो. पावसाळ्यात हे चालूच असतं. धबधब्याच्या पायथ्याला पडलेले धोंडे बघा: कडा धारदार आणि तुटलेली बाजू ताजी, फिक्या रंगाची असेल तर ते हल्लीच पडलेत. तिथे डबा उघडू नका.

शेवाळाचं गणित साधं आहे. पाणी जिथे जोरात वाहतं तिथला दगड बहुतेक वेळा खरखरीत असतो. जिथे ते नुसतं झिरपतं, दगड हिरवट-काळा आणि चकचकीत दिसतो, तिथे कुठलाच बूट टिकत नाही. अशा तिरक्या कातळावर टाच टेकवून चालू नका, पूर्ण तळवा टेकवा, पावलं छोटी टाका. गवत उगवलेली कड किंवा दगडांमधली खाच मिळाली तर तीच धरा. उतारावर घसरायला लागलात तर मागे बसा, हात मागे टेकवू नका. मनगट मोडतं ते त्यानेच.

आधारासाठी झुडूप धरण्याआधी नीट बघा. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या फांद्यांवर चापडा हा विषारी साप बसलेला असतो. हिरवागार, पानात मिसळलेला, आपण हात लावेपर्यंत हलत नाही. दंश झाला तर चिरा देणं, आवळून बांधणं यात वेळ घालवू नका. अंगठी-कडं काढा, हात-पाय हलवू न देता माणसाला रुग्णालयात न्या.

ओढा ओलांडताना

आधी एक हिशोब. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. ओढ्याच्या वरचं पठार दोन चौरस किलोमीटरचं असेल आणि तिथे तासाभरात ५० मिलिमीटर पडला, तर दहा कोटी लिटर झाले. भिजलेल्या डोंगरावरून त्यातलं निम्मं जरी वाहून आलं तरी ते सगळं त्याच एका ओढ्यातून यायचं. आणि पठारावर पडलेला हा पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसतही नाही. त्याच्या डोक्यावर ऊनही असू शकतं.

पहिल्या ओढ्याशी पोचल्यावर पाच मिनिटं थांबा आणि तीन गोष्टी बघा.

*खोली.* काठी टाकून मोजा. तळ दिसत नसेल तर काठीवर विश्वास ठेवा, डोळ्यांवर नको. अर्ध्या पोटरीपर्यंत ठीक. गुडघ्याला लागत असेल तर दुसरी जागा शोधा. गुडघ्याच्या वर गेलं तर माघारी.

*वेग.* काठावर दहा साधी पावलं मोजा, म्हणजे साधारण सात मीटर. वरच्या टोकाला पान टाका. पाच सेकंदांच्या आत ते खालच्या टोकाला पोचलं तर प्रवाह जोराचा आहे आणि पोटरीभर पाण्यातही लहान मुलं, सडसडीत माणसं ढळतील. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, त्यामुळे 'सकाळपेक्षा थोडंच जास्त जोरात आहे' हे वाक्य गटात कोणी म्हणालं तर ते तिथेच थांबवा.

*खाली काय आहे.* पाय सुटला तर पाणी कुठे नेईल? खाली वीस-तीस मीटरवर कडा असेल किंवा झाडाची आडवी खोडं असतील तर ती जागा बाद, मग पाणी घोटाभर का असेना. धबधब्याच्या माथ्यावरून ओढा ओलांडणं म्हणूनच कधीही करायचं नाही.

ओढा अरुंद दिसतो तिथे तो खोल आणि वेगवान असतो. रुंद, पसरट, खडखडाट करणारी जागा शोधा. बूट काढू नका. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकून टाकता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे टेकवलेली, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची: काठी, मग एक पाय, मग दुसरा. पाय ओढत न्या, उचलून टाकू नका. सरळ आडवं जाण्यापेक्षा किंचित खालच्या अंगाला तिरकं जाणं सोपं पडतं. गट असेल तर तिघा-तिघांनी एकमेकांचे सॅकचे पट्टे धरून जा, सगळ्यात दणकट माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला. पाण्यातल्या मोठ्या धोंड्यांवरून उड्या मारत जाणं टाळा. ओलांडताना मोडलेले बहुतेक घोटे अशा उड्यांचे असतात.

पलीकडे गेल्यावर एक काम राहतं, आणि हेच बहुतेक जण विसरतात. पाण्याच्या काठावरचा एक ठळक दगड निवडा, पाणी त्याला कुठवर टेकलंय त्याचा फोनवर फोटो काढा. फोटोवर वेळ आपोआप येते. परतताना 'वाढलंय का?' यावर वाद घालावा लागत नाही.

धबधब्याशी पोचल्यावर

इथेही तेच: पोचल्याबरोबर काठावरच्या एका दगडावर पाण्याची रेघ बघून ठेवा. दर दहा मिनिटांनी एकाने ती बघायची. बाकीचे भिजत असताना कोणीतरी एक जण काठावर कोरडा पाहिजेच. रेघ चार बोटं वर गेली की सगळ्यांनी बाहेर यायचं. कारण शोधत बसायचं नाही.

लोंढा येण्याआधी खुणा दिसतात, पण मिनिटं थोडी असतात. नितळ पाणी एकदम चहाच्या रंगाचं होतं, काडीकचरा आणि पाला वाहत येतो, धारेचा आवाज जाड होतो. यातलं एक जरी झालं तरी सामान सोडा आणि जवळच्या काठावरून बाजूला वर चढा. ओढ्याच्या दिशेने खाली धावू नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगात येतं. आणि प्रवाहाच्या मधल्या खडकावर कधीच उभं राहू नका, कितीही मोठा आणि कोरडा दिसला तरी. पाणी वाढताना दोन्ही बाजू आधी बंद होतात.

मुख्य धारेखाली डोकं देऊ नका. तीस-चाळीस मीटरवरून पाण्याबरोबर लिंबाएवढा दगड आला तरी कवटी फुटते. बाजूला पसरून येणारी पातळ धार भिजायला पुरते.

डोहात उतरायचं नाही. पोहता येणाऱ्यांनी तर जास्तच ऐकावं, कारण बुडणाऱ्यांत तेही असतात. धार पडते तिथल्या पांढऱ्या फेसात निम्मी हवा असते. अशा पाण्यात अंग तरंगत नाही, हातांना पाणी लागत नाही. शिवाय पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा धारेकडेच वळतं आणि माणसाला गोल फिरवत ठेवतं. कातळ कडेने आत पोखरलेला असतो, काठ गुळगुळीत असतो, धरायला काही नाही. आपला माणूस डोहात पडलाच तर मागोमाग उडी मारू नका. काठी, ओढणी, रिकामी मोठी पाण्याची बाटली, काहीही फेका आणि स्वतः काठावर आडवे पडून धरा.

अर्धा तास पुरे. ओल्या कपड्यांवर वारा लागला की जुलैतल्या वीस-बावीस अंशांतही थंडी शिरते. मूल बडबड थांबवून गप्प झालं, ओठ निळसर झाले, थरथरायला लागलं की लगेच कोरडा टीशर्ट घाला आणि गोड काहीतरी खायला द्या. बाहेर निघायची घाई मग आपोआप होते.

घड्याळ

भाजे-लोहगडसाठी सकाळी आठच्या आत मळवलीत असलेलं चांगलं. कुठल्याही धबधब्यावर दुपारी एकनंतर पोचत असाल तर जिथे आहात तिथून मागे फिरा. परतीचा शेवटचा ओढा चारच्या आत ओलांडलेला पाहिजे. सूर्य जुलैत सातनंतर मावळतो खरा, पण धुक्यात आणि झाडीत साडेसहालाच पायाखालचं दिसेनासं होतं. लोहगडवाडी किंवा उधेवाडीत पिठलं-भाकरी सांगायची असेल तर जातानाच सांगून ठेवा. परतताना सांगितली की तासभर मोडतो, आणि नेमका तोच तास हाताशी नसतो.

अडकलात तर

परतीचा ओढा फोटोतल्या रेघेपेक्षा वर आहे आणि पान पाच सेकंदांच्या आत जातंय, तर थांबा. डोंगरी ओढा जसा झपाट्याने चढतो तसा उतरतोही. पाऊस कमी झाला की एक-दोन तासांत बराच फरक पडतो. ओढ्यापासून उंच, कड्याच्या थेट खाली नसलेली जागा बघा, सगळ्यांनी पाँचो पांघरून जवळजवळ बसा. काळोख पडायच्या आत ११२ ला फोन लावा. लोणावळा परिसरात शिवदुर्ग मित्र या संस्थेचं बचाव पथक आहे. पोलिसांकडून निरोप गेला की ते येतात. सांगताना गाव, कुठल्या वाटेवर, किती जण, जखमी किती आणि फोनची बॅटरी किती उरलीय एवढं आधी सांगा. रेंज कमी असेल तर व्हॉट्सॲपपेक्षा साधा एसएमएस जायची शक्यता जास्त. मग एकच फोन चालू ठेवून बाकीचे बंद करा. शिट्टीच्या सहा फुंका, मिनिटभर थांबून पुन्हा सहा, ही मदतीची खूण.

कोणी प्रवाहात पडलाच तर त्याने पाठीवर उताणं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे करून वाहत जावं आणि हातांनी कडेला सरकावं. जोराच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नये. पाय दगडांच्या फटीत अडकला तर पाणी माणसाला पुढे पालथं पाडतं. पुढे कडा असेल तर मात्र ही शिकवण गुंडाळून ठेवायची आणि लगेच पालथं होऊन जीव खाऊन काठाकडे हात मारायचे.

घरी आल्यावर

बुटांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवलेत तर तळ उकलतो. पायांवरचे ओरखडे साबणाने धुऊन बघा. गुरं, उंदीर यांच्या लघवीने दूषित झालेलं पाणी जखमेतून शरीरात गेलं की लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसतात, आणि तोवर धबधबा विसरलेला असतो. त्या काळात ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे गेल्यावर कुठल्या तारखेला ओढ्याच्या पाण्यात उतरला होतात आणि पायाला जखम होती का, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगा.